सनद मिळाली, खुर्ची कोण देणार?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण पक्षकारासाठी आहे आणि ती फारशी खोटीही नाही. परंतु ज्याला पोटापाण्यासाठी रोज तीच पायरी चढायची आहे, त्या नव्या वकिलाचे काय, याचा विचार म्हणीने केलेला नाही. आपणही फारसा करत नाही. बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की घरोघरी मुलांच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. डॉक्टरकी हुकली, इंजिनिअरिंगला मन होत नाही, मग कोणीतरी मामा किंवा काका म्हणतो, ‘वकिली करू दे की, बोलायला चांगला आहे.’ प्रवेश मिळतो, तीन किंवा पाच वर्षे निघून जातात, पदवी हातात येते, काळा कोट शिवून होतो, सनद मिळते. घरात पेढे वाटले जातात. आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तो मुलगा कोट हातावर घेऊन आईला विचारतो, ‘जाऊ, पण कोणाकडे?’

मी परभणी जिल्ह्यातल्या झरीचा. परभणीहून जिंतूरकडे जाणारी एसटी आमच्या गावावरून जाते. कापूस, सोयाबीन, तूर आणि पावसाचा भरवसा नसणे, यावर आमच्या भागाचे अर्थकारण चालते. कोर्टाशी गावाचा संबंध जुना आहे. बांधाची भांडणे, भावकीच्या वाटण्या, फेरफाराच्या तक्रारी आणि धरणात किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा यांनी तो पक्का केला. पण हा संबंध पक्षकाराचा. वकिलाचे घराणे म्हणावे असे आमच्याकडे नव्हते. मी मराठवाड्यातल्या एका लहान विधी महाविद्यालयात शिकलो आणि गेली तीसएक वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

या काळात आमच्या पंचक्रोशीतली किती तरी मुलेमुली काळा कोट घालून कोर्टात येताना पाहिली. त्यांतली पुष्कळशी दोन-तीन वर्षांत दिसेनाशी झाली. कोणी पतसंस्थेत कारकून झाले, कोणी जमिनीच्या व्यवहारात शिरले, कोणी मुकाट्याने शेतीकडे परतले. ही मुले ढ होती म्हणून गेली, असे मला वाटत नाही. जे टिकले त्यांची यादी मनात करून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या प्रत्येकाला पहिल्या दोन वर्षांत बसायला कोणाच्या तरी कार्यालयात एक खुर्ची मिळाली होती. जे गेले त्यांना ती मिळाली नव्हती.

म्हणून विधी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांविषयी आज थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. पुण्याच्या आयएलएस महाविद्यालयाला १९२४ पासूनची परंपरा आहे, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाला १८५५ पासूनची. तिथल्या मुलाला आपल्या महाविद्यालयाचा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. मला चिंता आहे ती तालुक्या-जिल्ह्याच्या गावी चालणाऱ्या, एका इमारतीत मावणाऱ्या महाविद्यालयांची. त्यांच्याकडे मोठे ग्रंथालय नसते, नेमणुकीसाठी कंपन्या येत नाहीत. त्यांच्याकडे एकच ऐवज असतो, तो म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी. आणि नेमका तोच ऐवज आपण वर्षातून एकदा शाल-श्रीफळापुरता बाहेर काढतो आणि पुन्हा पेटीत ठेवून देतो.

वकिलीचे शिक्षण इतर शिक्षणांपेक्षा कुठे वेगळे पडते, ते आधी पाहू. डॉक्टर होणाऱ्या मुलाला पदवीच्या शेवटी एक वर्ष रुग्णालयात सक्तीने काम करावे लागते. त्या वर्षात त्याला विद्यावेतन मिळते आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली हात बसतो. वकिलाला असे काही नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सुरुवातीला प्रशिक्षणाची आणि परीक्षेची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. पुढे १९९५ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. पण अधिनियमाने कौन्सिलला तसा अधिकार दिलेलाच नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द ठरवले. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. ती परीक्षा कायद्याचे ज्ञान तपासते. कोर्टात पुकारा झाल्यावर नेमके कुठे उभे राहायचे, हे ती शिकवत नाही.

आणि खरी वकिली अशाच गोष्टींत असते. वकीलपत्र कसे दाखल करायचे, रोजनामा कसा वाचायचा, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, पुरसीस कधी द्यावी, मुदत मागताना न्यायाधीशांचा सूर कसा ओळखावा, कैफियत लिहिताना काय लिहू नये, उलटतपासात कोणता प्रश्न विचारायचाच नाही, हे पुस्तकात सापडत नाही. सर्वांत अवघड म्हणजे समोर बसलेल्या पक्षकाराला ‘तुमच्या दाव्यात दम नाही’ हे कसे सांगावे. हे सारे ज्येष्ठ वकिलाच्या शेजारी बसून, त्याच्या फायली उचलून, त्याची बोलणी ऐकून शिकायचे असते. ज्याला ज्येष्ठ नाही, त्याला शाळाच नाही.

यात व्यवसायाच्या एका नियमाची भर पडते. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी, असे तो सांगतो. नियम चांगला आहे. न्याय हा साबणासारखा विकायचा माल नव्हे. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. दुकानदार जाहिरात करू शकतो, शिकवणीवाला भिंती रंगवू शकतो, वकिलाने मात्र काम येईपर्यंत वाट पाहायची. काम येते ते कोणीतरी कोणाला तरी नाव सांगितल्यामुळे. म्हणजे या धंद्यात ओळख हेच भांडवल. वकिलाच्या मुलाला ते वडिलांच्या कपाटातल्या पुस्तकांबरोबर आणि जुन्या पक्षकारांबरोबर मिळते. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, शिक्षकाच्या मुलाकडे ते शून्यापासून उभे करण्याखेरीज मार्ग नसतो.

थोरामोठ्यांचीही यातून सुटका झाली नाही. गांधीजी १८९१ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत पहिल्याच खटल्यात उलटतपासाला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना; अखेर फी परत करून ते बाहेर पडले. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्याचे काम मिळाले ते भावाच्या ओळखीने, आणि १८९३ साली दक्षिण आफ्रिकेला जाण्याचा योग आला तोही भावाकडे आलेल्या पोरबंदरच्या एका पेढीच्या निरोपामुळे. लंडनची पदवी होती, पण दार उघडले ते माणसाने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर आपल्या घरचे. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन असे शिक्षण घेऊन ते १९२३ साली मुंबईला परतले, तेव्हा सनदेची फी भरायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. ते दिले नवल भथेना यांनी. हे पारशी गृहस्थ बाबासाहेबांचे अमेरिकेतल्या विद्यार्थिदशेतले मित्र. पुढे अस्पृश्यतेच्या विटाळामुळे सॉलिसिटरांकडून कामे मिळेनात, म्हणून बाबासाहेबांनी काही काळ एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९३५ साली तेच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या सनदेमागे एका सहाध्यायाची मदत उभी आहे, हे कोणत्याही माजी विद्यार्थी मेळाव्याच्या व्यासपीठावर सांगण्यासारखे आहे. दुर्दैवाने तिथे ते कोणी सांगत नाही.

अलीकडचे पाहायचे तर अमरावतीचे भूषण गवई २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. कायद्याचे शिक्षण विदर्भातले. १९८५ साली सनद घेतल्यानंतर १९८७ पर्यंत ते बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे काम करत होते. साधारण दोन वर्षे. ही दोन वर्षे प्रत्येक चांगल्या वकिलाच्या चरित्रात कुठेतरी सापडतात.

आता आपले मेळावे कसे होतात ते आठवा. सकाळी दहाची वेळ दिलेली असते, पाहुणे साडेअकराला येतात. दीपप्रज्वलन होते. न्यायाधीश झालेले, आमदार झालेले, सरकारी वकील झालेले माजी विद्यार्थी मंचावर बसतात. सत्कार होतो, ‘या मातीचे ऋण’ हे शब्द चार भाषणांत चार वेळा येतात. मग जेवण, मग फोटो. मागच्या रांगेत शेवटच्या वर्षाची मुले खुर्च्या लावण्यासाठी उभी असतात. ज्यांच्यासाठी हे सारे व्हायला हवे, त्यांची त्या मंचावरच्या एकाशीही ओळख करून दिली जात नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण देते. त्यामुळे अलीकडे संघ नोंदणीकृत झाले, इतिवृत्ते लिहिली गेली, छायाचित्रांच्या फायली झाल्या. फाईल झाली हे चांगलेच. पण फाईल कोणाला कोर्टात बोट धरून नेत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मला बोट धरून नेणारा भेटला. आमच्याच महाविद्यालयातून चार वर्षे आधी बाहेर पडलेला एक मित्र मला एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात घेऊन गेला. ‘हा झरीचा आहे, वाचतो बरे आणि पळणार नाही,’ एवढीच शिफारस त्याने केली. त्या वकिलांनी पहिले सहा महिने मला एक पैसा दिला नाही, पण दुपारचा डबा वाटून खाल्ला आणि माझी प्रत्येक कैफियत लाल शाईने रंगवून परत केली. त्या लाल शाईवर माझे घर आजवर चालले आहे. मित्राने काय केले? एक वाक्य बोलला आणि अर्धा तास खर्च केला. त्याला त्याबद्दल एक पैचाही खर्च आला नाही.

उलट बाजूही पाहिली आहे. आमच्याकडच्या एका मुलीने मोठ्या जिद्दीने कायद्याची पदवी घेतली. वडिलांची कोरडवाहू शेती. ती दीड वर्ष एसटीने रोज कोर्टात येत होती. बार रूममध्ये महिलांच्या बाकावर बसायची, तारखा लिहून घ्यायची, कोणी बोलावले तर टिपण करून द्यायची. कायम बसायला जागा अशी कुठेच नव्हती. घरून प्रश्न सुरू झाले, महिन्याला मिळते किती, एकटीने किती दिवस जायचे, स्थळ पाहायचे की नाही. शेवटी ती यायची थांबली. तिच्याच महाविद्यालयाच्या चार माजी विद्यार्थिनी त्या वेळी जिल्ह्यात वकिली करत होत्या. त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते आणि तिला त्यांचे. कोणी दुष्ट नव्हते. फक्त नावांची एक वही नव्हती.

ही वही आता पूर्वीपेक्षाही गरजेची झाली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांची वकिली हवी, आणि त्या वकिलीबद्दल किमान दहा वर्षे व्यवसायात असलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र हवे, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यताही हवी. निकालामागचा विचार मला पटतो. कोर्ट न पाहिलेल्या माणसाने एकदम न्यायासनावर बसू नये. पण ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी न्यायाधीशाची परीक्षा हा एकच असा जिना होता, की ज्याला ओळख लागत नव्हती. अभ्यासाच्या बळावर शेतकऱ्याची मुलगी तो चढू शकत होती. तीन वर्षांची अट आली, की त्या जिन्याच्या पायथ्याशीही ज्येष्ठ वकिलाची गरज उभी राहते. ही तीन वर्षे ती कोणाकडे काढणार आणि काय खाऊन काढणार, याचे उत्तर निकालात असू शकत नाही. ते आपल्याला द्यायचे आहे.

खर्चाचा भाग थोडा हलका झाला, हेही नमूद केले पाहिजे. राज्योराज्यीच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवले. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस ही शिफारसच असते. जिल्ह्याच्या गावी मध्यम वकिली करणाऱ्याला एका कनिष्ठाला महिना १५ हजार देणे झेपत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. जे एकट्याला झेपत नाही ते शंभर जणांना मात्र सहज झेपते. संघ असतो तो त्यासाठीच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक लहान विधी महाविद्यालयाने पहिली गोष्ट करावी ती नोंदवहीची. दर वर्षी चाळीस जण बाहेर पडले असे धरले, तर तीस वर्षांत बाराशे माणसे होतात. त्यांतली निम्मी जरी सापडली तरी सहाशे. कोण कुठे आहे, कोणत्या प्रकारची कामे करतो, आठवड्यातून कधी भेटू शकतो, एवढे लिहिलेली वही शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाहायला मिळाली पाहिजे. परभणीत शिवाजी विधी महाविद्यालय आहे, नांदेडला नारायणराव चव्हाण, लातूरला दयानंद, छत्रपती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. आमच्या मराठवाड्यातल्या या महाविद्यालयांच्या वह्या एकमेकांना दाखवल्या गेल्या, तर एकट्या मराठवाड्यातच केवढे मोठे कुटुंब उभे राहील!

दुसरी गोष्ट खुर्चीची. दहा वर्षे वकिली झालेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या कार्यालयात एक खुर्ची दोन वर्षांसाठी राखून ठेवावी, आणि ती आपल्या नात्यातल्याला देऊ नये. नात्यातल्याला खुर्ची मिळतेच. त्यासाठी संघ कशाला हवा? दोन वर्षे पूर्ण झाली की त्या खुर्चीवर पुढचा येईल, आणि उठून गेलेला आठ वर्षांनी स्वतः एक खुर्ची मांडील.

तिसरी गोष्ट पैशाची. शंभर माजी विद्यार्थ्यांनी महिना पाचशे रुपये दिले तर पन्नास हजार होतात. त्यातून दहा कनिष्ठांना महिना पाच हजार मिळतात. पाच हजारांत संसार होत नाही, पण एसटीचे भाडे, दुपारचे जेवण आणि महिन्याला एखादे पुस्तक निघते. मुख्य म्हणजे घरच्यांच्या ‘मिळते किती’ या प्रश्नाला मुलीजवळ उत्तर असते. हे दान म्हणून देऊ नये. पुढे कमवायला लागल्यावर परत करायचे, या बोलीवर द्यावे. त्याने घेणाऱ्याची मानही ताठ राहते आणि पेटीही रिकामी होत नाही.

चौथी गोष्ट महिन्यातल्या एका सकाळची. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी न्यायालयाला सुटी असते. अशा एका शनिवारी एका माजी विद्यार्थ्याने महाविद्यालयात यावे आणि एकच काम शिकवावे. एकदा जामीन अर्ज, एकदा मोटार अपघाताचा दावा, एकदा पोटगी, एकदा भूसंपादनाचा मावेजा. जालना-नांदेड द्रुतगती मार्गासाठी आमच्या जिल्ह्यात जमिनी संपादित होत असताना त्या कायद्याचे बारकावे जाणणारे तरुण वकील गावोगाव हवे होते. पीकविम्याचे तसेच. राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तर उच्च न्यायालयात सारे इंग्रजीत चालते. १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या वकिलांची पिढी तिथे तयार झाली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी याचिका कशी लिहायची, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार? कारण तेही त्याच बाकांवरून गेलेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाही उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले; तिकडच्या लहान महाविद्यालयांनी ही संधी पहिल्या दिवसापासून ओळखावी.

आणि वकिली म्हणजे फक्त काळा कोट नव्हे, हेही कोणीतरी या मुलांना सांगायला हवे. बँकेत विधी अधिकारी लागतो, महापालिकेत लागतो, विमा कंपनीला लागतो. सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली. गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या तरुण वकिलांना तिथे ठरावीक मानधनावर काम मिळाले. शेवटच्या वर्षातल्या किती मुलांना हे ठाऊक असते? जो त्या खुर्चीवर बसला आहे, त्याने येऊन तासभर सांगितले तर दहा जाहिरातींपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

यावर काही आक्षेप येतील. ते मी बार रूममध्ये ऐकत आलो आहे. पहिला असा, की कनिष्ठ काम शिकतो आणि पक्षकार घेऊन निघून जातो. असे घडते. पण कनिष्ठाला दोन-दोन वर्षे नुसत्या तारखा घ्यायला लावणारे ज्येष्ठही आहेत, हे आपण एकमेकांत कबूल करू. संघाच्या वहीत दोन्ही बाजूंची बोली आधीच लिहिली असेल, तर कटुता कमी होईल. दुसरा आक्षेप, की आधीच वकील उदंड झाले आहेत, आणखी प्रतिस्पर्धी कशाला तयार करायचे? कच्च्या वकिलाने चुकीचा दावा लावला, की त्याचे परिणाम वीस वर्षे एखादे कुटुंब भोगते. वकील किती असावेत हे आपल्या हातात नाही, ते पक्के असावेत एवढे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ‘हा वशिलाच झाला की!’ मला तसे वाटत नाही. रांगेत नसलेल्याला मागच्या दाराने पुढे नेणे हा वशिला. रांग कुठे लागली आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती दाखवणे ही ओळख. पुढचे त्याच्या कष्टावर. उलट अशी खुली ओळख नसल्यामुळेच दुसऱ्या ओळखी जोर धरतात. आज आपल्या जिल्ह्यांत नवा वकील टिकतो तो बहुधा नात्याच्या, जातीच्या किंवा पक्षाच्या आधारावर. हे बोलायला कटू आहे, पण कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या कोणालाही नवे नाही. या तिन्हींच्या बाहेर राहिलेल्याने कोणाकडे जायचे? महाविद्यालयाचा वर्ग ही एक जागा अशी आहे, जिथे सगळ्या जातींची, सगळ्या वस्त्यांची मुले एका बाकावर बसलेली असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच वहीतून वाचतात. त्या बाकाचे नाते पुढे टिकवले, तर ते इतर नात्यांना पर्याय ठरू शकते. न्यायाच्या व्यवसायात तरी हा पर्याय असायला हवा.

पालकांनाही एक विनंती. मुलाला किंवा मुलीला विधी महाविद्यालयात घालताना इमारत आणि फी विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारा: ‘तुमचे जुने विद्यार्थी कुठे आहेत, आणि ते आमच्या मुलांना भेटतात का?’ चार पालकांनी विचारले, की प्राचार्य वही शोधायला लागतील. आणि सनद मिळाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ‘मिळते किती’ हे रोज विचारू नका. ‘आज काय शिकलास’ असे विचारा. हा धंदा उशिरा फळणाऱ्या झाडाचा आहे.

माजी विद्यार्थ्यांना मात्र विनंती नव्हे, आठवण. आपल्यापैकी बहुतेकांना कोणीतरी कधीतरी खुर्ची दिली होती. ज्यांनी दिली त्यांतले कित्येक आता नाहीत. त्यांचे देणे त्यांना फेडता येणार नाही. ते फेडण्याचा एकच मार्ग उरतो. या वर्षीच्या मेळाव्याला जाल तेव्हा शाल घ्या, फोटोही काढा. पण निघण्यापूर्वी मागच्या रांगेत जा, खुर्च्या उचलणाऱ्या मुलांपैकी एकाचे नाव आणि गाव विचारा, आणि आपल्या कार्यालयाचा पत्ता त्याच्या हातात ठेवून सांगा, ‘सोमवारी सकाळी साडेनऊला ये.’